तीस अधिक सत्तर म्हणजे शंभर नव्हे: एक्झॉस्ट आणि रीमॅपमधून खरंच किती ताकद मिळते

प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे दोन लिटर टर्बो इंजिनाची (टर्बो म्हणजे जळक्या वायूच्या जोरावर हवा इंजिनात कोंबणारा पंप), कागदावर २४५ एचपीची स्पोर्ट्‌स कार आहे. विक्रेता म्हणतो, पूर्ण एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर नेणारे सगळे पाइप) बदलला की ३० एचपी, रीमॅप केला (इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे हवा-पेट्रोल-ठिणगीचे आकडे, नव्याने लिहिले) की ७०, म्हणजे एकूण १०० वाढतील. धाकट्या भावाची गाडीही दोन लिटरचीच, पण बिनटर्बोची. त्यालाही एक्झॉस्ट आणि रीमॅप मिळून ४० एचपीची आशा दाखवली आहे. यात खरं किती, आणि आधी काय करावं?

डायनोवर, म्हणजे चाकांचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, गाड्या चढवून त्यांचे मॅप लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधी आकडे सांगतो, कारणं नंतर. तुमच्या गाडीत चांगल्या पेट्रोलवर नुसत्या रीमॅपने ४५ ते ६० एचपी मिळणं सहज शक्य आहे. त्यावर डाऊनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप, बदलून पुन्हा मॅप केला तर आणखी १० ते २०. मागचा सायलेन्सर बदलून जे मिळेल ते मुख्यतः कानाला मिळेल. भावाच्या गाडीत सगळं करून ८ ते १५ एचपी हाती लागले तर काम चांगलं झालं म्हणायचं.

आणि ३० अधिक ७० ही बेरीज मुळातच चुकते. एक्झॉस्ट जागा करून देतो, मॅप ती जागा वापरतो. नुसता पाइप बदलला तर केलेली जागा बरीचशी पडून राहते. नुसता मॅप केला तर जुन्या पाइपात मावेल तेवढंच मिळतं. दोन्ही केल्यावर जी वाढ दिसते तिच्यातली पाइपाची किती आणि मॅपची किती, हे वेगळं काढताच येत नाही.

कारखानेसुद्धा हे असंच करतात. टोयोटा जीआर सुप्राचं तीन लिटरचं बी५८ इंजिन अमेरिकेत २०२० च्या मॉडेलमध्ये ३३५ एचपीचं होतं, २०२१ च्या मॉडेलमध्ये ते ३८२ एचपीचं झालं. त्यासाठी दोन तोंडांच्या जागी सहा तोंडांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणारा जोड) आला, पिस्टन बदलले, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११ वरून १०.२ वर उतरवलं आणि अर्थातच मॅप नव्याने लिहिला. त्या ४७ एचपींपैकी मॅनिफोल्डचे किती, असं विचाराल तर उत्तर नाही.

आता भावाची गाडी घेऊ, कारण तिचं प्रकरण लवकर आटोपतं.

इंजिन हा शेवटी हवेचा पंप. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात ती हवा ढकलणारं कोणी नाही, बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी आत घालेल तेवढीच जाणार. ट्युनरच्या हातात उरतं काय? टाइमिंग (ठिणगी कधी पडते ते) एखाद-दुसरा अंश, मिश्रणात किंचित फेरफार, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टाइमिंग असेल तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे कोन, आणि रेव्ह लिमिट, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा. कारखान्याने हे काम आधीच बरंच चोख केलेलं असतं. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन जपानी बाजारात २५० पीएस द्यायचं, म्हणजे लिटरमागे १२५. पीएस म्हणजे मेट्रिक एचपीच. फेरारी ४५८ इटालियाचं साडेचार लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमला ५७० पीएस देतं. अशा इंजिनांत सायलेन्सर बदलून ४० एचपी मिळत असते तर ते त्या इंजिनिअरांनीच काढले असते.

बिनटर्बो इंजिनातून खरी वाढ कशी काढतात ते माझ्दाने दाखवलं. २०१८ मध्ये एमएक्स-५ चं दोन लिटरचं इंजिन १६० वरून १८४ पीएसवर गेलं. त्यासाठी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले, सिलिंडर हेडमधले वायूचे मार्ग आणि व्हॉल्व्ह बदलले, थ्रॉटल (हवा आत घेणारं दार) मोठा केला आणि रेव्ह लिमिट ६,८०० वरून ७,५०० वर नेलं. इंजिन उघडून २४ पीएस. मग मागे एक चकचकीत डबा लावून ४० कसे येतील?

तरी एक्झॉस्टला बिनटर्बो इंजिनात काहीच काम नाही असं नाही. उलट तिथला एक्झॉस्ट जास्त नाजूक असतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते. जिथे पाइप अचानक रुंद होतो, म्हणजे चार पाइप एकत्र येतात तिथे, ती लाट उलटी फिरते आणि परतताना कमी दाबाची होऊन येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच ती परत पोचली, तर जळका वायू ओढून काढते आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत खेचते. ६,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा जेमतेम ९ मिलिसेकंदांत होतो. त्यातल्या एका छोट्या फटीत ही लाट पोचायला हवी. म्हणून पाइपाची लांबी एका ठराविक आरपीएमच्या टप्प्यालाच जुळते. चारातून थेट एक करणारे हेडर (सुट्या लांब पाइपांचे मॅनिफोल्ड) वरच्या आरपीएमला चमकतात, चारातून दोन आणि दोनातून एक करणारे मधल्या टप्प्यात. एका टोकाला मिळवलं की दुसऱ्या टोकाला थोडं सोडावं लागतं.

‘थोडं बॅकप्रेशर हवंच, नाहीतर खालचा टॉर्क जातो’ हा समज इथूनच आला. बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा विरोध, कोणत्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग आणि लाटेचा नेमकेपणा. गरजेपेक्षा जाड पाइप घातला की वेग मंदावतो, लाट विरते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बसतो. बघणाऱ्याला वाटतं की बॅकप्रेशर गेलं म्हणून टॉर्क गेला.

सायलेन्सरपासून मागचा भाग बदलल्यावर बिनटर्बो गाडीत मला डायनोवर सहसा एक ते तीन टक्के दिसतात. अनेकदा ते डायनोच्या स्वतःच्या चुकीच्या पट्ट्यातच बसतात, म्हणजे तीच गाडी काही न बदलता पुन्हा चढवली तरी तेवढा फरक पडतो. हेडर, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) आणि मॅप मिळून पाच ते आठ टक्के. भावाला सांगा, आवाज आवडत असेल तर सायलेन्सर जरूर घ्या. मॅप करायचाच असेल तर मधल्या आरपीएमला गाडी जिथे मरगळते तो खड्डा भरून काढण्यासाठी करा. रोज चालवताना तोच जाणवेल.

पेडलच्या वायरीत बसवायच्या डबीबद्दलही त्याने विचारलं असेलच. ती फक्त पायाचं बोलणं वाढवून सांगते. तीस टक्के पेडल दाबलं की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पन्नास टक्के कळवते. ताकद वाढत नाही, पाय हलका पडतो एवढंच.

आता तुमची टर्बो गाडी. इथे सगळंच गणित बदलतं.

टर्बाइन, म्हणजे टर्बोचं जळक्या वायूने फिरणारं चाक, फिरते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. ही गोष्ट नीट समजली की डाऊनपाइपला एवढं महत्त्व का, ते आपोआप कळतं. समजा पूर्ण ताकदीला टर्बाइनच्या मागे, पाइपात, १.३ बार निरपेक्ष दाब आहे आणि पाहिजे तेवढा बूस्ट (टर्बोने आत जाणाऱ्या हवेला दिलेला जादा दाब) मिळवायला टर्बाइनला २ चं गुणोत्तर लागतं. म्हणजे तिच्या आधी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी, २.६ बार साचणार. मोकळा डाऊनपाइप लावून मागचा दाब १.१ वर आणला, तर त्याच गुणोत्तराला आधीचा दाब २.२ पुरतो. मागे ०.२ बार वाचले, इंजिनापाशी ०.४ वाचले. पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलायला कमी कष्ट पडतात, सिलिंडरमध्ये तापलेला उरलासुरला वायू कमी राहतो, त्यामुळे इंजिन ठोकण्याची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याची, प्रवृत्ती कमी होते आणि टाइमिंग पुढे नेता येतं, म्हणजे ठिणगी लवकर पाडता येते. शिवाय टर्बो थोडा लवकर जागा होतो. बिनटर्बो गाडीत पाइपाच्या जाडीचा जो जपून हिशेब करावा लागतो तो टर्बाइननंतरच्या पाइपात लागत नाही. गाडीखाली मावेल तेवढा मोकळा पाइप चालतो.

यातही क्रम महत्त्वाचा. पाइपातला अडथळा वायूच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मॅप करून प्रवाह ३० टक्क्यांनी वाढवला तर १.३ गुणिले १.३, म्हणजे पाइपातली दाबाची घट जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढते. कंपनीचा एक्झॉस्ट कंपनीच्या ताकदीला पुरेसाच असतो. मॅप केला की तोच पाइप गळा आवळू लागतो. म्हणून मूळ ताकदीवर डाऊनपाइप बदलून निराश झालेला माणूसही खरा आणि मॅपनंतर तोच डाऊनपाइप बदलून खूश झालेला माणूसही खरा.

निराश होण्याचं आणखी एक कारण ईसीयूत दडलेलं असतं. बॉशच्या एमई७ पिढीपासून पुढचे ईसीयू टॉर्कच्या भाषेत विचार करतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा थेट थ्रॉटल उघडत नाही. ‘एवढा टॉर्क हवा’ अशी मागणी जाते. ईसीयू तिला मर्यादांच्या चाळणीतून गाळतो: गिअरबॉक्सची मर्यादा, तापमानाची मर्यादा, त्या गिअरची मर्यादा. उरलेल्या मागणीला किती हवा लागेल ते काढून मग बूस्ट, थ्रॉटल आणि टाइमिंग ठरवतो. आता तुम्ही पाइप मोकळा केला आणि हवा सहज वाहू लागली, तर ईसीयू काय करेल? ‘ठरलेला टॉर्क तर मिळाला’ म्हणून वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारं दार) जास्त उघडेल, प्रसंगी थ्रॉटल मिटेल. तुमचा पाइप आणि ईसीयू एकमेकांविरुद्ध काम करत राहतील.

काही गाड्यांत उलटही होतं. पाइप इतका मोकळा होतो की वेस्टगेट पूर्ण उघडूनही वायू टर्बाइनमधूनच जात राहतो आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. मॅप न करता डाऊनपाइप लावू नका असं मी म्हणतो ते मुख्यतः या कारणाने.

रीमॅपमध्ये नेमकं काय बदलतं? लोकांना वाटतं बूस्टचा एक आकडा वाढवला की झालं. प्रत्यक्षात आधी वरच्या सगळ्या चाळण्या एकमेकींशी जुळवून सैल कराव्या लागतात. एक विसरली तर ठराविक आरपीएमला थ्रॉटल हळूच मिटतो आणि मालक म्हणतो, ‘वर ओढत नाही’. मग बूस्टचं लक्ष्य, टाइमिंग, पूर्ण ताकदीचं मिश्रण, कॅमचे कोन, टर्बाइनचं तापमान राखण्याचे नियम. पूर्ण ताकदीला मिश्रण जाणूनबुजून श्रीमंत ठेवतात, लॅम्डा (हवेचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जादा) साधारण ०.८० ते ०.८८, कारण जादा पेट्रोल बाष्प होताना आतली उष्णता खातं. पेट्रोल इंजिनाच्या टर्बाइनला ९५० ते १,०५० अंश सेल्सिअसच्या आसपास हद्द असते. गरीब मिश्रणावर डायनोचा आकडा जरा बरा येतो आणि टर्बाइनचं आयुष्य घटतं. असे मॅप विकणारे आहेत.

कारखाना एवढी जागा सोडतो कशाला, हा रास्त प्रश्न आहे. कारण त्याला एकच मॅप वाळवंटातल्या उन्हाळ्यातही चालवायचा असतो आणि पातळ हवेच्या घाटातही, जिथे तोच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. हलकं पेट्रोल भरणारा, ऑइल उशिरा बदलणारा मालक त्याने गृहीत धरलेला असतो. शिवाय त्याच इंजिनाचं महागडं मॉडेल वेगळं दिसायला हवं. फोक्सवॅगनने सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आरमध्ये दोन लिटरचं ईए८८८ घराणंच वापरलं, पण जीटीआयला छोटा आयएस२० टर्बो आणि आरला मोठा आयएस३८ दिला. जीटीआयला कितीही मॅप करा, आयएस२० वरच्या आरपीएमला धापा टाकतोच. तिथे सॉफ्टवेअर संपतं आणि लोखंड सुरू होतं. उलट टोक म्हणजे मर्सिडीज-एएमजी ए४५ एसचं एम१३९. दोन लिटरमधून ४२१ पीएस कारखान्यानेच काढले आहेत. ‘टर्बो आहे म्हणजे तीस टक्के हमखास’ हा नियम तिथे चालत नाही.

पेट्रोल हा मॅपचा पाया. इंजिन ठोकणं म्हणजे ठिणगीची आग पसरण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाब-तापमानाने आपोआप पेटणं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू त्या सिलिंडरचं टाइमिंग मागे घेतो. मॅप ९८ ऑक्टेनचा (आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल ठोकण्याला टिकतं) आणि टाकीत ९५, तर गाडी सतत माघार घेत चालते. मूळ मॅपवर जेवढी ओढायची त्याहून कमी ओढणाऱ्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. आणि आकड्यांच्या पद्धतीची गल्लत करू नका: अमेरिकी पंपावरचं ९३ हे दोन मोजमापांचं सरासरी मूल्य असतं, रिसर्च ऑक्टेनमध्ये ते साधारण ९८ होतं. मॅप तुम्ही नेहमी भरता त्या पेट्रोलवर करून घ्या. ट्युनिंगच्या दिवसापुरतं भारी पेट्रोल भरून छापलेला आलेख भिंतीवर लावायला ठीक.

खालच्या आरपीएमचा टॉर्क मी मुद्दाम कमी ठेवतो, त्यावरून माझी गिऱ्हाइकांशी हुज्जत होते. २,००० आरपीएमला भिंतीसारखा उभा राहणारा टॉर्क चालवायला मजेदार वाटतो. पण थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत नेमकं कमी आरपीएम आणि जास्त बूस्ट असतानाच ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा रोग होतो. ऑइलचा थेंब किंवा काजळीचा कण त्याला पुरतो. साधं ठोकणं ईसीयू टाइमिंग मागे घेऊन आवरतो; इथे ठिणगीचा संबंधच नसल्याने टाइमिंगचा उपयोग नाही. एका झटक्यात पिस्टनची कड फुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा यात हात असतो, म्हणून एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले. मॅप केलेल्या गाडीत एसपी दर्जाचंच ऑइल घाला, आणि सहाव्या गिअरमध्ये १,६०० आरपीएमवरून पेडल तळाला नेऊ नका. एक गिअर खाली घ्यायला कितीसा वेळ लागतो!

गिअरबॉक्सचं थोडक्यात. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० ची क्षमता २५० न्यूटन-मीटर आहे, ओल्या क्लचच्या डीक्यू२५० ची मूळ घोषित क्षमता ३५०. स्टेज वनच्या मॅपने ४०० च्या पुढे गेलात तर क्लचचा दाब वाढवणारा गिअरबॉक्सचा मॅपही लागतो. आणि ‘स्टेज’ या शब्दाला कोणतंही मानक नाही. साधारणपणे पहिला म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, दुसरा म्हणजे डाऊनपाइपसह, तिसरा म्हणजे मोठा टर्बो. पण प्रत्येक जण आपापल्या सोयीने वापरतो.

आता डायनोबद्दल, कारण फसवाफसवी इथेच होते. ताकद ही मोजलेली नव्हे, काढलेली गोष्ट आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९,५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. ५,००० आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर म्हणजे १८३ किलोवॅट, सुमारे २४९ पीएस. त्यावर हवामानाची दुरुस्ती लावतात. एसएई जे१३४९ ही दुरुस्ती २५ अंश तापमान धरते; जुनी एसटीडी लावली की तोच आकडा सुमारे ४ टक्क्यांनी फुगतो. ‘आधी’चा आलेख एका दुरुस्तीने आणि ‘नंतर’चा दुसरीने छापला, की २५० एचपीच्या गाडीत हात न लावता १० एचपी. दुसरी युक्ती त्याहून सोपी. ‘आधी’ची फेरी गाडी तापलेली असताना पंखा बंद ठेवून, ‘नंतर’ची इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग) गार झाल्यावर. टर्बो गाडीत एवढ्यानेच बराच फरक दिसतो. चाकांवर मोजलेल्या आकड्याला सरसकट १५ टक्के जोडून क्रँकची ताकद सांगतात तेही संशयास्पदच, कारण गिअर आणि बेअरिंगमधली गळती ताकदीच्या त्याच प्रमाणात वाढत नाही. तोच डायनो, तोच दिवस, तोच गिअर, तीच दुरुस्ती, टायरमध्ये तीच हवा आणि प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या. आकडा चाकांवरचाच बघा. मोठा दिसत नाही, पण खोटं बोलत नाही. आणि टोकापेक्षा आलेखाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ बघा. ६,२०० ला २० एचपी जास्त पण ३,५०० ते ५,५०० मध्ये तसंच, यापेक्षा मधे सगळीकडे ३० न्यूटन-मीटर जास्त असलेली गाडी खरोखर वेगवान.

आलेखाबरोबर लॉग, म्हणजे गाडी ओढताना ईसीयूतून नोंदवलेले आकडे, मागा. आलेख काय झालं ते सांगतो, लॉग का झालं ते. एकदा एक गाडी आली: डाऊनपाइप, मॅप, सगळं झालेलं, आणि मालकाची तक्रार की नवीन एक्झॉस्ट लावल्यापासून वर धक्के मारते. एक्झॉस्टवालाही वैतागलेला. लॉगमध्ये बूस्ट नीट, रेल प्रेशर (इंधनाचा दाब) नीट, पण एका सिलिंडरचं टाइमिंग ६ अंश मागे आणि मधूनच मिसफायर. पाइपाचा काही दोष नव्हता. वाढलेल्या बूस्टला ठिणगी फुंकली जात होती. जुन्या प्लगांची फट ०.८ मिलिमीटरपेक्षाही जास्त झाली होती. नवे, एक पायरी थंड प्लग ०.६ वर लावले, गाडी सरळ. दुसऱ्या एका गाडीत पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गॅसकेट गळत होतं. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला मिश्रण गरीब वाटायचं, ईसीयू पेट्रोल ओतत बसायचा. मालकाला वाटत होतं मॅप पेट्रोल खातो.

आवाजाबद्दल. प्रवासात डोकं दुखवणारी घुमघुम हा स्वस्त सायलेन्सरचा शाप. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्‌झ. मागच्या पाइपात वायू ३०० अंशांच्या आसपास असेल तर आवाजाचा वेग सुमारे ४८० मीटर प्रतिसेकंद. लाटेची लांबी ४.८ मीटर, तिचा पाव भाग १.२ मीटर. पाइपाला एका बाजूने बंद अशी १.२ मीटरची फांदी जोडली की त्यात जाऊन परतलेली लाट मूळ लाटेला नेमकी विरोधात भेटते आणि घुमघुम मरते. प्रवाहाला अडथळा शून्य. पाइप डोळ्यांनी न निवडता या हिशेबाने बनवणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. टायटॅनियमचा मोह असेल तर एवढं समजून घ्या: घनता ४.५, पोलादाची जवळपास ८. मागचा डबा १० किलोने हलका झाला तर १,४०० किलोच्या गाडीत ०.७ टक्के, म्हणजे तुमच्या ताकदीत पावणेदोन एचपीएवढा फायदा. तो मात्र हमखास आणि कायमचा.

पेडल सोडल्यावर फटाके फोडणारा मॅप मी लिहित नाही. टाइमिंग मागे नेऊन, पेट्रोल चालू ठेवून, आग मुद्दाम एक्झॉस्टमध्ये लावायची असा तो प्रकार. कॅटच्या आतली जाळी वितळते, तिचे तुकडे पुढचा रस्ता अडवतात, टर्बाइनला झळ बसते. मोकळ्या एक्झॉस्टसाठी खर्च करायचा आणि मग तोच बुजवायचा.

कॅट पूर्ण काढण्याचाही मी सल्ला देत नाही. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टने रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बेकायदा आहे, युरोपातही अशी गाडी तपासणीत नापास होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. मूळ कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० ते ६०० छिद्रं असतात, चांगल्या स्पोर्ट्‌स कॅटमध्ये २००. दोनशेच्या कॅटपासून रिकाम्या पाइपापर्यंत तुमच्यासारख्या गाडीत मला मूठभर एचपीच दिसतात. बदल्यात कॅटवर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरला गप्प करावं लागतं आणि बंद खोलीत उभं राहवत नाही असा वास येतो. २०१८ नंतरच्या बऱ्याच युरोपीय टर्बो पेट्रोल गाड्यांत कणांचा फिल्टरही असतो. तुमच्या गाडीत आहे का ते डाऊनपाइप मागवण्याआधी तपासा, नाहीतर जोडच बसणार नाही.

तर तुमच्यासाठी क्रम. आधी प्लग, कॉइल, ऑइल, बूस्टच्या नळ्यांची गळती बघून घ्या आणि मूळ अवस्थेत डायनो आणि लॉग काढा. मूळ गाडीतच टाइमिंग मागे येत असेल तर तिथेच थांबा, आधी तो रोग शोधा. मग पहिला मॅप, रोजच्या पेट्रोलवर. तो चालवून बघा, महिनाभर. मग लॉगला विचारा पुढे काय अडतंय. सलग तीन-चार वेळा जोरात ओढल्यावर इनटेकचं तापमान चढत असेल तर डाऊनपाइपच्या आधी मोठा इंटरकूलर घ्या, जरी त्याचा आवाज येत नसला. वेस्टगेट जवळजवळ बंद ठेवूनही वरचा बूस्ट लक्ष्याला पोचत नसेल आणि तापमान ठीक असेल, तर गळा बहुधा पाइपातच आहे: २०० छिद्रांचा कॅट असलेला डाऊनपाइप आणि लगेच दुसरा मॅप. मागचा सायलेन्सर कधीही, तुमच्या कानाच्या मर्जीने. वॉरंटी असेल तर समजून करा. फोक्सवॅगन समूहाच्या सेवा केंद्रात बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीत टीडी१ चा शिक्का पडतो, आणि मूळ मॅप परत टाकला म्हणून तो पुसला जात नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

फरक मोजायचा तर बंद ट्रॅकवर जीपीएसने १०० ते २०० किलोमीटरची वेळ घ्या, दोन्ही दिशांनी, कारण डोळ्याला न दिसणारा एक टक्क्याचा उतारही घड्याळाला दिसतो. आणि विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा: ज्या गाडीवर हे शंभर एचपी मिळाले तिचे आधीचे आणि नंतरचे लॉग बघायला मिळतील का? त्यात प्रत्येक सिलिंडरचं टाइमिंग, इनटेकचं तापमान, लॅम्डा आणि रेल प्रेशर हे चार रकाने असायला हवेत. लॉग मिळाले तर मलाही पाठवा. २४५ चे ३४५ मूळ टर्बोवर कसे झाले ते बघायला मला मनापासून आवडेल.